प्राइमर डिझाइन करायचा की बेतायचा?

ताई, तुमच्या मुलीला एम.एस्सी.चा सेमिनार मराठीत द्यायचाय आणि 'प्राइमर डिझाइन सॉफ्टवेअर'ला मराठीत काय म्हणू असं तुम्ही विचारलंत, कोणीतरी 'प्राइमर संरचना आज्ञावली' सुचवलं म्हणे. मला नाही पटत ते. प्राइमर तसाच राहू द्या नं, भिंतीला रंगाआधी मारतात तो प्राइमर सगळ्यांना माहीत आहे, आणि इथंही डीएनएचा छोटा तुकडा आधी जाऊन चिकटला तरच पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल बनवणारं एन्झाइम, पुढची साखळी वाढवतं, कोऱ्या जागेवरून त्याला सुरुवातच करता येत नाही. फक्त 'प्राइमर्स' नका म्हणू, एक दगड दोन दगड तसे एक प्राइमर दोन प्राइमर.

खरी अडचण 'डिझाइन'ची, आणि त्याला आपला अस्सल शब्द आहे, बेतणं. माझी आई घरी ब्लाउज शिवायची, गांधीबागेतून आणलेलं कापड सतरंजीवर पसरायची, मापाचा कागद बाजूला ठेवून खडूनं रेघा मारायची आणि कात्री लावायच्या आधी दोनदा मोजायची, याला ती 'बेतून घेते' म्हणायची, शिवणं वेगळं. प्राइमर३ नावाचं सॉफ्टवेअर हेच करतं, आपण सीक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या ए-टी-जी-सी अक्षरांची ओळ, टाकायचा आणि माप सांगायचं, लांबी साधारण 18 ते 25 अक्षरं, त्यात जी आणि सी मिळून 40 ते 60 टक्के, वितळायचं, म्हणजे चिकटलेल्या डीएनएपासून सुटायचं, तापमान 60 अंश सेल्सिअसच्या आसपास, मग ते अशी जोडी काढून देतं की दोघांचं तापमान जुळतं, कोणी स्वतःवरच दुमडत नाही, एकमेकांना चिकटत नाहीत. तुकडा प्रत्यक्षात तयार होतो तो नंतर ऑर्डर दिल्यावर, ते झालं शिवणं.

आणि शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो, ती तर इथं हुबेहूब आहे! क्लोनिंगच्या, म्हणजे तुकडा कापून दुसऱ्या डीएनएत जोडायच्या कामाच्या, प्राइमरला 5' टोकाशी, म्हणजे सुरुवातीच्या टोकाशी, एकोआरआय या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची जागा जोडतात, जीएएटीटीसी, पण ती अगदी काठावर आली तर एन्झाइमला पकड मिळत नाही आणि नीट कापलं जात नाही, म्हणून तिच्याही बाहेर चारसहा अक्षरं जास्तीची ठेवतात. मुलीला सांगा, खुशाल 'माया सोडली' म्हण.

'जिवावर बेतणं'शी गोंधळ होईल ही भीती नको, तिथं 'वर' लागतो. इथं सरळ 'संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाचा जिवाणू ओळखायला हे दोन प्राइमर बेतलेत' असं म्हणायचं, आणि सॉफ्टवेअरला 'प्राइमर बेतायचं सॉफ्टवेअर'.