लाँग बॅरो, पॅसेज टूम्ब आणि हेंज यांत नेमका फरक काय?

ही तिन्ही ब्रिटन-आयर्लंडमधल्या नवाश्मयुगातली. पहिली दोन थडगी, तर हेंज म्हणजे खंदक आणि मातीच्या बांधाने वेढलेली मोकळी जागा.

लाँग बॅरो हा लांबट ढिगारा. इंग्लंडच्या विल्टशरमधला वेस्ट केनेट सुमारे १०० मीटर लांब आहे, पण त्याची पाचही दालनं पूर्वेच्या टोकाला. तिथे निदान ३६ जणांची हाडं मिळाली.

पॅसेज टूम्बमध्ये आतल्या दालनाकडे नेणारी वाटच महत्त्वाची. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं. दाराच्या वर एक छोटा झरोका आहे. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्योदयाची तिरीप त्यातून १९ मीटरच्या बोळातून थेट आतल्या दालनात पोचते. उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केली यांनी १९६७ मध्ये आत थांबून हे स्वतः पाहिलं. मला तर हे सगळ्यांत थक्क करणारं वाटतं.

हेंजमध्ये खंदक बहुधा बांधाच्या आत असतो, जसा इंग्लंडमधल्या एव्हबरीला. म्हणजे संरक्षणासाठी तो निरुपयोगीच. गंमत अशी की स्टोनहेंजचा मुख्य बांध खंदकाच्या आत आहे, म्हणून काटेकोर व्याख्येत ते बसत नाही!

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं मात्र यांत धरू नका. ती बरीच नंतरची, लोहयुगातली आहेत.