छोट्या फ्लॅटमध्ये कमी खर्चात गावाकडच्यासारखं सयपाकघर कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात वन बीएचके घेतलाय, किचन 8 बाय 6 फूट, पैसे बेताचे, आणि आजीच्या घरी होतं तसं सयपाकघर हवंय. जमते. पण पहिले मॉड्युलरचा विचार सोडा. आपल्या गावाकडच्या सयपाकघरात सगळं सामान डोळ्यासमोर असते: फळीवर डबे, मांडणीत ताटं, खुंटीला सराटे-झारे, कोपऱ्यात घडवंचीवर माठ. दारंवाली कपाटं टाळली की मोठा खर्च तिथंच वाचतो.

वाचलेला पैसा ओट्यात घाला. काळा कडप्पा घ्या, ग्रॅनाइटपेक्षा स्वस्त पडतो. ओट्याखालचे उभे कप्पेही कडप्प्याचेच करा. प्लाय पाण्यानं फुगते, वाळवी धरते, दगडाला दोन्हीची भीती नाही. फक्त तो चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच सांडली तर लगेच पुसा, नाहीतर पांढरट डाग कायमचा. उंचीचं माप मिस्त्रीवर सोडू नका. घरात रोज भाकर कोण थापते, त्या माणसाला उभं करा आणि कोपरापासून 5-6 इंच खाली ओटा घ्या. हे चुकलं तर खांदे रोज दुखतात.

फळ्यांसाठी जुन्या घरांचं निघालेलं सागवान शोधा. पडलेल्या वाड्यांच्या चौकटी, दारं तालुक्याच्या गावी विकायला येतात. सुताराकडून रंधा मारून घ्या, जवसाचं तेल पाजा, खिळ्यांची भोकं तशीच राहू द्या. त्या लाकडाचा रंग नव्या लॅमिनेटला येत नाही. फळी शेगडीच्या वर नको, बाजूला घ्या. उघड्या फळीवर तेलकट धूळ बसतेच, म्हणून तिथं रोजच्या वापरातले गंज (पातेली), डबेच ठेवा; बाकी सगळं लॉफ्टवर. एक्झॉस्ट फॅन मात्र लावाच.

भिंतीला पोतारा (चुन्याचा हात) दिल्यासारखा रंग हवा असेल तर साधा मॅट इमल्शन, पांढऱ्यात थोडी नीळ. खरा चुना नको, प्लास्टिक पेंटवर तो धरत नाही, पापुद्रे सुटतात. विटांचे स्टिकर तर नकोच, शेगडीच्या वाफेनं आणि तेलानं निघून येतात. ओट्याच्या वर दोन फूट साध्या पांढऱ्या टाइल्स पुरतात.

माठ खिडकीच्या वाऱ्यात ठेवा, झिरपलेलं पाणी वाऱ्यानं उडते तेव्हाच आतलं गार होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ही जागा कामी येते. कांदे-लसणासाठी बुरडाकडून दुरड्या घ्या.

ओट्याखाली दारांऐवजी आजीच्या सुती लुगड्याचा पडदा फार शोभतो. सिलिंडर असलेल्या कप्प्याचा पडदा मात्र जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि कप्पा खालून बंद करू नका: हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.