लवकर येणारं सूर्यफूल हवंय, पण नेमके कुठले दिवस कमी करायचे?

शिरोळच्या एका सदस्याने विचारलंय की मॉर्डेन हा वाण ८० दिवसांत निघतो पण उतारा कमी, बाजारातलं हायब्रिड उतारा चांगला देतं पण ९५ दिवस खातं, मग दोघांचा संकर करून दोन्ही गुण एकत्र येतील का? ऊस गेल्यावर फेब्रुवारीत पेरून वळवाच्या आत रान मोकळं करायचं असं त्यांचं गणित आहे.

असा सरळ संकर करून हाती फारसं काही लागणार नाही. हायब्रिड स्वतःच दोन लाइनींचा, म्हणजे पिढ्यानपिढ्या एकसारख्या येणाऱ्या शुद्ध वंशांचा, संकर असतो, त्यामुळे ते वापरलं की पहिल्याच पिढीत झाडाझाडांत फरक पडतो. शिवाय हायब्रिड मादी म्हणून धरलं आणि मॉर्डेनमध्ये पुनर्स्थापक (पराग परत आणणारं) जनुक नसलं, तर निम्म्याच्या आसपास झाडांना परागच येणार नाहीत.

हे परागांचं प्रकरण आधी समजून घ्या. १९६९ मध्ये फ्रान्सच्या लेक्लेर्क यांना पेटिओलॅरिस या जंगली सूर्यफुलाच्या संकरातून नर-वंध्यत्व, म्हणजे पराग न येण्याचा गुण, मिळालं. लगेच अमेरिकेत ते मोडणारी पुनर्स्थापक जनुकं सापडली आणि व्यापारी हायब्रिडचा रस्ता खुला झाला. ए लाइन वंध्य, ती हायब्रिडची आई, बी लाइन पराग देऊन तिचंच बियाणं चालू ठेवणारी, आर लाइन हायब्रिडचा बाप. आपल्याकडे पहिलं हायब्रिड बीएसएच-१ बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून १९८० मध्ये आलं. पुढचं केबीएसएच-१ म्हणजे सीएमएस २३४ए गुणिले ६डी-१. हीच ६डी-१ एआरएम २४३ए बरोबर जोडली तेव्हा डीआरएसएच-१ झालं. नुसती देखणी लाइन उपयोगाची नसते, ती दुसऱ्यांशी जुळते का ते बघावं लागतं. म्हणून चार-पाच ए लाइनींवर तेवढेच आर बाप फिरवून सगळ्या जोड्या शेजारी शेजारी पेरतात.

आता तुमचा खरा मुद्दा, दिवस. पेरणी ते फुलोरा हा एक काळ आणि फुलोरा ते पक्वता हा दुसरा. कापायचा तो पहिला. दुसऱ्याला हात लावला की दाणा पोचट राहतो, तेलही घटतं. एक झाड ५० दिवसांत फुललं आणि पुढं ३५ दिवस भरत राहिलं, दुसरं ५८ ला फुलून २७ दिवसांत वाळलं. दोन्ही ८५ दिवसांचीच, पण मी पहिलंच ठेवीन. म्हणून वहीत नुसती काढणीची तारीख लिहून भागत नाही. कळी कधी दिसली, फुलोरा कधी आला आणि तबकाची (फुलाच्या चकतीची) पाठ कधी पिवळी पडली, तिन्ही तारखा लिहा. वरची पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात का तेही बघा, दाणा बराचसा तीच भरतात.

लवकरपणा हायब्रिडमध्ये बहुधा लवकर येणाऱ्या पालकाकडे झुकतो, हे आपल्या पथ्यावर पडतं. पण झाड फार लवकर फुललं तर पानंच कमी होतात आणि तबक बशीएवढं राहतं. या ओढाताणीवर उपाय एकच, भरपूर जोड्या करून बघणं.

प्रत्यक्ष काम असं: बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या उघडायच्या आधी तबकावर मलमलची पिशवी चढवा. फुलं कडेकडून आत, रोज दोन-चार वलयं अशी उघडतात. ए लाइनमध्ये पुंकेसर सुकलेले, फिके, नळीतच अडकलेले दिसतात. ते काढायला चिमटा लावायची गरज नाही. सकाळी आर लाइनचे पराग कागदावर झटकून मऊ ब्रशने लावायचे आणि सगळी वलयं उलगडेपर्यंत रोज हेच करायचं. आर लाइन फांद्यांची असली तर पराग जास्त दिवस मिळतात. फांद्यांचा तो गुण अप्रभावी असल्याने हायब्रिड एकफुलीच येतं. दोघं एकाच वेळी फुलत नसतील तर उशिरा फुलणारी लाइन आधी पेरा.

चाचणीचे वाफे मात्र शेजारच्या सूर्यफुलाबरोबरच येतील असे पेरा. आख्ख्या शिवारात एकटं तुमचंच पीक आधी तयार झालं तर सगळे पोपट तिथंच उतरतात, आणि मग उताऱ्याचा आकडा पोपटांचा की वाणाचा हे कळत नाही.

कायद्याचंही एक. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानुसार नोंदणीकृत वाण नवीन वाणासाठी सुरुवातीचा साठा म्हणून वापरता येतो. पण त्याच लाइनी पालक म्हणून पुन्हा पुन्हा वापरून बियाणं विकायचं असेल तर नोंदणीधारकाची परवानगी घ्यावी लागते.