कंपोस्टच्या बादलीत अळ्या झाल्यात, बंद करू का?

या महिन्यात वाचकांचे जेवढे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त घरातल्या कचऱ्याबद्दल आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत.

प्रश्न : ताई, जूनमध्ये हौसेने गॅलरीत कंपोस्ट सुरू केलं. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घेतली, खाली भोकं पाडली. पहिले पंधरा दिवस मस्त चाललं, आता झाकण उघडलं की असा वास येतो की शेजारच्या काकूंनी पण विचारलं, आणि काल बघितलं तर आत जाडजूड अळ्या वळवळतायत. सासूबाई म्हणतात स्वयंपाकघराला लागून ही घाण नको. बंद करू का? – एक वाचक, डोंबिवली

बंद करू नका प्लीज. तुमचं काही चुकलं नाहीये, फक्त सुकं कमी पडलंय. सुरुवात केलीत तीही पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे सगळ्यात अवघड दिवसांत.

काय होतं बघा, भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा यात पाणी खूप असतं. नुसतं तेच एकावर एक टाकत गेलो की खालचा थर दबतो, हवा जायला जागाच राहत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे कामाला लागतात, सडल्याचा वास त्यांचाच. हवा खेळती असेल तर तोच कचरा कुजताना पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास येतो, मी कुणाच्या घरी गेले तर आधी त्यांची बादली हुंगून बघते, लगेच कळतं.

आज हे करा. एक जुना पेपर पसरून बादली त्यावर उपडी करा. आतलं सगळं हाताने नाहीतर खुरप्याने मोकळं करा आणि त्यात तेवढंच सुकं घाला, सुका पाला, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुरिअरच्या खोक्याचे फाडलेले तुकडे, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते. मग मूठभर मिश्रण घट्ट दाबून बघा. हात ओलसर लागला पाहिजे पण बोटांमधून पाणी निथळता कामा नये. निथळलं तर अजून सुकं घाला. शेजारी कुणाकडे तयार खत असेल तर त्यातलं ओंजळभर मागून आणा, ते विरजणाचं काम करतं, नाहीतर आंबट ताक शिंपडलं तरी चालतं. यापुढे जेवढं ओलं टाकाल तेवढंच सुकं वरून पसरायचं, ओलं कधी उघडं ठेवायचं नाही. चिलटं पण त्यानेच जातात.

आता अळ्या. जाड, करड्या-तपकिरी रंगाच्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत. नाव ऐकून घाबरू नका, या चावत नाहीत, ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत पण नाही, मोठी झाल्यावर ती खातच नाही जवळपास. अळ्या मात्र ओला कचरा भराभर संपवतात. सासूबाईंना हे सांगा, आणि नसेल पटत तर वर चार बोटं जाडीचा सुका थर द्या, दिसणारच नाहीत. त्यांची किळस पण समजण्यासारखी आहे, घरात शांतता राहिली तरच बादली टिकते.

तेलकट रस्सा, दहीभात, मांस-मच्छी सुरुवातीला नको. लिंबाची सालं थोडीच. आंब्याची कोय महिनोन् महिने तशीच राहते. अंड्याची टरफलं चुरून टाका. बादली भरली की दोन-तीन महिने तशीच बाजूला ठेवायची, त्यासाठी दुसरी बादली लागेलच, एका बादलीवर कुणाचंच भागत नाही.

आणि पुढच्या वर्षीसाठी एक गोष्ट आत्ताच डायरीत लिहून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा चार गोणी पाला भरून ठेवायचा. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं सगळ्यात चांगली, बदामाची जाड असतात ती चुरावी लागतात. सोसायट्यांमधे हाच पाला लोक जाळतात, मला बघवत नाही ते, कारण पावसाळ्यात त्याच पाल्याऐवजी आपण कोकोपीट विकत आणतो.

तुमच्या जवळच कल्याणचं आधारवाडी डंपिंग होतं, २०२१ मधे ते बंद झालं. तिथल्या आगी आणि दिवसेंदिवस चालणारा धूर तुम्ही पाहिला असेल. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय आणि जानेवारी २०१६ मधे तिथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेशिवाय सडतो, त्यातून मिथेन निघतो आणि तो पेट घेतो. म्हणजे तुमच्या बादलीत जे झालं तेच तिथे डोंगराएवढं होतं, फक्त तिथे उपडी करून सुकं मिसळायला कुणी येत नाही.

प्रश्न : आम्ही वर्षभर ओला-सुका वेगळा करतो, पण घंटागाडीत सगळं एकत्रच ओततात. मग आम्ही कशाला मरायचं? – एक वाचक, नाशिक

तुमचा राग अगदी बरोबर आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असं तीन भागांत वेगळं करून द्यायचं लिहून आलं, पण गाडीतच कप्पे नसतील तर लोक कंटाळणारच. आमच्याकडेही हेच होत होतं. भांडून झालं, अर्ज देऊन झाले, शेवटी आम्ही काय केलं ते सांगते, आम्ही गाडीला रोज देणंच बंद केलं. ओलं सोसायटीच्या मागे खड्ड्यात जिरतं. सुकं कुठे सडतंय, ते रोज कशाला द्यायचं? गॅलरीत एक गोणी ठेवायची, पंधरा दिवसांनी रद्दीवाल्याला किंवा कचरा वेचणाऱ्या ताईंना थेट द्यायची. आता गाडीकडे जातं ते फक्त सॅनिटरी आणि असंच थोडंसं, त्यात एकत्र करण्यासारखं काही उरतच नाही.

दुसरं म्हणजे, तुमचा वेगळा केलेला कचरा कुणाच्या हातात जातो ते बघा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मधे उभी राहिली, त्यातूनच २००८ मधे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली, त्या बायका घरोघरी जाऊन कचरा घेतात आणि सुका कचरा विकून आलेल्या पैशावर त्यांची बरीच कमाई असते. कोरडा पुठ्ठा विकला जातो, वरणात भिजलेल्याचं काहीच येत नाही, म्हणजे आपण एका डब्यात टाकलं त्या क्षणी कुणाचे तरी पैसे गेले. आणि पॅड, डायपर उघडे टाकणं तर कृपा करून थांबवा. कागदात नीट गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, ही पद्धत 'स्वच्छ'ने पुण्यात रुजवली, ठिपका दिसला की त्या पुडीत हात घालत नाहीत. फुटलेली काच जाड कागदात, ब्लेड आणि इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत. एवढं तर गाडी कशीही असली तरी आपल्या हातात आहे.

प्रश्न : दुधाच्या पिशव्या धुण्यात पाणी वाया जातं, मग फायदा काय? – एक वाचक, ठाणे

वेगळं पाणी घेऊ नका. भांडी विसळून झालेल्या पाण्यात एकदा खळखळून काढा आणि टाइलवर उलटी चिकटवा, वाळली की गोणीत. अजून एक, कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चीर द्या म्हणजे तो तुकडा पिशवीलाच लटकून राहतो. सुटा झालेला तो एवढासा तुकडा कुणीच वेचत नाही, सरळ गटारात जातो.

प्रश्न : माझं वय ६८. कपाटात तीसेक जुन्या साड्या आहेत, बऱ्याच सुती. सुना नेसत नाहीत, बोहारीण हल्ली येत नाही, टाकवत पण नाहीत. – एक वाचक, सांगली

टाकू नकाच. आधी सुती आणि सिंथेटिक वेगळ्या करा. मऊ झालेल्या सुती साडीसारखं बाळाचं दुपटं बाजारात मिळत नाही, घरात नातवंड येणार असेल तर दोन साड्या त्यासाठी राखा. विरलेल्या साड्या गोधडीत आतल्या थराला घाला, वरचा थर तेवढा धड साडीचा हवा. तुमच्याकडे खेडोपाडी गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत, फक्त त्यांना शिलाई नीट द्या, एका गोधडीत कितीतरी दिवसांचं काम असतं आणि लोक दोनशे रुपयांवरून घासाघीस करतात याचं मला फार वाईट वाटतं. उरलेल्या सुतीचे हातभर तुकडे करून ओट्यापाशी ठेवा, टिश्यूचा रोल आणायची गरज पडत नाही. सिंथेटिक साड्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवा, पाच किलो बटाटे आरामात पेलतात आणि धुतल्या की अर्ध्या तासात वाळतात. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ लाच आली, पण भाजीवाल्याकडे हात हलवत गेलो तर तो तरी काय करणार.

प्रश्न : गणपती येतायत. निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, आणि मूर्तीचं काय करू? घरीच विसर्जन करायचंय. – एक वाचक, पुणे

निर्माल्यातला दोरा, तारा, चमकी आधी काढा, मग झेंडू, दूर्वा, पत्री सगळं चुरून कंपोस्टमधे, झेंडू तर लगेच कुजतो. शेंड्या पिंजून सुकं म्हणून वापरा.

मूर्ती पीओपीची असेल तर ती साध्या पाण्यात विरघळत नाही. पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत शोधली आहे, महापालिकेनेही ती पावडर वाटलेली आहे, तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. ती पाण्यात विरघळवून त्यात मूर्ती दोन-तीन दिवस ठेवून मधे मधे ढवळायचं, खाली चुनखडी बसते आणि वरचं पाणी भरपूर साधं पाणी घालून झाडांना देता येतं.

शाडूची असेल तर बादलीत एका रात्रीत बसते. वरचं पाणी निथळून घ्या, गाळ फडक्यातून गाळा, सावलीत वाळवून गोळा करून पिशवीत बांधून ठेवा. हीच माती पुढच्या वर्षी भिजवून परत मूर्ती करता येते, आमच्याकडे तिसरं वर्ष आहे त्याच गोळ्याचं.