बॅकअपची एक्सटर्नल हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवली तर चालते का?

नाही, कायम लावून ठेवू नका, बॅकअप झाला की डिस्क नीट इजेक्ट करून काढा आणि कपाटात ठेवा. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) घुसला ना तर तो सी ड्राइव्हवर थांबत नाही, जोडलेली डिस्कसुद्धा लॉक करतो, म्हणजे मूळ फोटोही गेले आणि कॉपीही गेली, मी दादरला रिपेअरिंग करतो आणि अशी रडवेली माणसं समोर बसलेली बघितलीयत, खूप वाईट वाटतं. विंडोजमधली फाइल हिस्टरी (आपोआप बॅकअप घेणारी सोय) चालू केलीत तर डिस्क पुन्हा लावल्यावर मधल्या काळातले बदल ती उचलते, पण डी ड्राइव्हवरचे फोल्डर ती आपोआप घेत नाही, ते स्वतः अ‍ॅड करावे लागतात, इथेच बहुतेक जण फसतात. डिस्क फॅट ३२ मध्ये (डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत) फॉरमॅट असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल जाणार नाही, एनटीएफएस या विंडोजच्या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा (आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून, फॉरमॅटमध्ये पुसलं जातं). आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा असते, डिस्क झिपच्या पिशवीत ठेवा आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका. फक्त एक, घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली तर कपाटातली डिस्कही जाईल, त्यामुळे मुलांचे फोटो, घराचे कागद यांची दुसरी कॉपी ठाण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे ठेवा.