जर्मनीतल्या भाड्याच्या घरात खिडकी बंद असूनही गार हवा लागते. खिडकीचं 'हिवाळ्याचं सेटिंग' असतं म्हणतात, ते खरं आहे का?

हो, बऱ्याच खिडक्यांना असतं. पण हत्यार हातात घेण्याआधी हवा खरोखर फटीतून येते का ते बघा.

झडप आणि चौकट यांच्या मध्ये साधा कागद धरा, खिडकी लावून मूठ पूर्ण फिरवा आणि कागद ओढा. अलगद निघून आला तर तिथे रबर नीट दाबलं जात नाही. चारही बाजूंना करा, बिजागरीची बाजू सोडू नका. कागद सगळीकडे घट्ट बसतोय आणि तरी पायाला गार लागतंय, तर कारण काच आहे: थंड काचेजवळची हवा गार होऊन जड होते आणि खाली उतरते. दोन काचांमधल्या धातूच्या पट्टीवर पुष्कळदा साल छापलेलं असतं. ते 1995 च्या आधीचं असेल तर काचेवर उष्णता अडवणारा लेप बहुधा नाही. मग सेटिंग बदलून काही होणार नाही. रात्री रोलाडेन (खिडकीबाहेरचं गुंडाळीचं शटर) खाली घ्या आणि जाड पडदा लावा, फक्त तो हीटरवर येऊ देऊ नका.

कागद निघत असेल तर झडप उघडून तिच्या कडेला बघा. मूठ फिरवली की सरकणारे धातूचे छोटे खुंट दिसतील. त्यांचा आस मधोमध नसतो, म्हणून खुंट थोडा फिरवला की झडप चौकटीला जास्त आवळली जाते; हेच ते हिवाळ्याचं सेटिंग. माझ्या खिडक्यांना 4 मिमीची ॲलन की लागते, काहींना टॉर्क्स (चांदणीच्या टोकाची की) किंवा पाना. आधी खुंटांचा फोटो काढून ठेवा. मग सगळे खुंट एकाच बाजूला थोडे थोडे फिरवा आणि पुन्हा कागद लावा. बाजू चुकली की कागद लगेच सांगतो. मूठ फिरवायला जोर लागू लागला तर जास्त झालं, मागे घ्या. रबरच कडक झालं असेल किंवा चिरलं असेल तर आवळू नका, घरमालकाला लेखी कळवा.

खिडकी घट्ट झाली की घरातली वाफ बाहेर जात नाही, हे मनावर घ्याच. आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ उमटते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या पाच मिनिटं सताड उघडा. तासन् तास खिडकी नुसती कलती (वरून आत झुकलेली) ठेवलीत तर बाजूची भिंत गार पडते आणि तिथेच बुरशी धरते.

उन्हाळ्यात खुंट सैल करायला विसरू नका, वर्षभर दाबलेलं रबर चपटं होतं आणि पुन्हा फुगत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं तेव्हा मी खुंट सैल करतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते मागे येतं तेव्हा आवळतो.