पत्नीचा पगार आणि आजारी पतीचा हक्क

प्रश्न : मी घणसोलीत राहतो. माझे वय ४२ आहे. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी सहा वर्षे मशीन ऑपरेटर आहे. पगार १८,००० रुपये. जानेवारीत एका रविवारी सकाळी मला घरीच पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पहिले वीस दिवस भरपगारी रजा मिळाली, त्यानंतर पगार बंद झाला. माझ्या पगारातून दर महिन्याला ईएसआयची रक्कम कापली जात असे. तरीही टाइम ऑफिसमध्ये विचारले असता, 'तुमची मिसेस नोकरी करते, घरात पगार येतो, मग तुम्हाला ईएसआयचे पैसे मिळत नाहीत,' असे उत्तर मिळाले. पत्नी ठाण्यात एका खासगी कार्यालयात लेखनिक असून तिला २८,००० रुपये मिळतात. डॉक्टरांच्या मते मला किमान वर्षभर व्यायामोपचार लागतील. कारखाना मात्र 'राजीनामा लिहून द्या, हिशेब पूर्ण करतो,' म्हणत आहे. काही महिने साताऱ्याला आईजवळ जाऊन राहावे, असाही विचार मनात येतो. चार महिने पत्नीच्या जिवावर बसून खात आहे, ही बोच रात्री झोपू देत नाही. मला खरोखर काहीच मिळणार नाही का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : आपल्याला सांगण्यात आलेली माहिती चुकीची आहे. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, ही १९४८ च्या कायद्यातून आलेली विमा योजना आहे. आजारपणाचा लाभ देताना ती विमाधारकाचा पगार, त्याने भरलेली वर्गणी आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र एवढेच पाहते. पत्नी किती कमावते, हा प्रश्न त्या अर्जात कोठेही उद्भवत नाही.

हा गोंधळ वरचेवर होतो, म्हणून त्याचे मूळ समजून घेऊ. आजारी किंवा अपंग माणसाला आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वाटांनी पैसे मिळतात. एक वाट विम्याची आहे : कामावर असताना आपण वर्गणी भरली, मालकाने आपल्या वाट्याची भरली, आणि आता गरज पडल्यावर तो विमा आपल्याला देणे लागतो. दुसरी वाट साहाय्याची आहे : ज्या घरात कमावणारे कोणी नाही किंवा कमाई अगदीच तुटपुंजी आहे, त्या घराला सरकार आपल्या तिजोरीतून काही रक्कम देते, आणि तेथे साहजिकच संपूर्ण कुटुंबाचे उत्पन्न तपासले जाते. संजय गांधी निराधार अनुदान योजना या दुसऱ्या वाटेवरची आहे. तिचा नियम ऐकून कोणीतरी तो ईएसआयला लावला, आणि एवढ्या एका गैरसमजापायी आपले चार महिने गेले.

आपल्या १८,००० रुपयांच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये, दर महिन्याला कापले जात होते आणि मालकाने त्यावर ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये, स्वतःच्या खिशातून भरायचे होते. हे दर जुलै २०१९ पासूनचे आहेत. सहा वर्षे भरलेल्या या वर्गणीच्या बदल्यात साध्या आजारपणाचा लाभ सरासरी दैनंदिन वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आपण जानेवारीत आजारी पडलात, त्यामुळे आपल्या बाबतीत त्याआधीच्या वर्षातली एप्रिल ते सप्टेंबर ही सहामाही पाहिली जाईल. त्या काळात आपण नियमित कामावर असाल, तर ही अट सहज पूर्ण होते. ज्या वीस दिवसांचा पगार आपल्याला मिळाला, त्या दिवसांचा लाभ मात्र मिळणार नाही, कारण पगार आणि आजारपणाचा लाभ एकाच दिवसासाठी घेता येत नाहीत.

आपल्यासाठी खरे महत्त्व याच्या पुढच्या टप्प्याला आहे, आणि तो कारखान्यात आपल्याला कोणी सांगितलेला दिसत नाही. क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंडाचा दीर्घ विकार अशा ३४ दीर्घकालीन आजारांसाठी ईएसआयमध्ये वाढीव आजारपण लाभ आहे आणि अर्धांगवायू त्या यादीत आहे. ९१ दिवस संपल्यावर हा लाभ वेतनाच्या ८० टक्के दराने सुरू होतो आणि वैद्यकीय शिफारशीनुसार दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. त्यासाठी सलग दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि मागील चार वर्गणी कालावधींत (म्हणजे चार सहामाहींत) मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. सहा वर्षे एकाच ठिकाणी काम केलेल्या माणसाला ही अट अडू नये. ढोबळ हिशेबाने पहिल्या टप्प्यात महिन्याला सुमारे १२,६०० आणि दुसऱ्या टप्प्यात सुमारे १४,४०० रुपये होतात. झटक्यापूर्वी आपल्या घरात ४६,००० रुपये येत होते, ते २८,००० वर आले. वाढीव लाभ सुरू झाला, तर ते पुन्हा ४२,००० च्या वर जातील. मुलांच्या शाळेची फी आणि घरभाडे यांच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, हे मी आपल्याला सांगायला नको.

आता राजीनाम्याविषयी. कृपा करून त्या कागदावर सही करू नका. ईएसआयच्या नियमांनी आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास मालकाला मनाई केलेली आहे. परंतु कामगाराने स्वतःच राजीनामा लिहून दिला, की हे संरक्षण त्याने आपल्या हाताने सोडून दिल्यासारखे होते. 'हिशेब' म्हणून मिळणारी रक्कम आज मोठी वाटेल, पण दोन वर्षांच्या लाभापुढे आणि पुन्हा कामावर जाण्याच्या शक्यतेपुढे ती फार थोडी ठरेल. राजीनामा मागणारे पत्र आले असल्यास ते जपून ठेवा, आणि तोंडी मागणी झाली असल्यास, 'माझ्यावर उपचार सुरू आहेत आणि मी राजीनामा देत नाही,' असे दोन ओळींचे पत्र पोच घेऊन कारखान्यात द्या.

अर्जाची सुरुवात आपल्या भागातील ईएसआय दवाखान्यातून होते. तेथील डॉक्टरांनी दिलेले प्रमाणपत्र हाच या लाभाचा पाया आहे; खासगी रुग्णालयाच्या कागदांवर थेट पैसे मिळत नाहीत. आपले सुरुवातीचे उपचार खासगी रुग्णालयात झाले असतील, तर तेथील डिस्चार्ज कार्ड, मेंदूच्या स्कॅनचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रजेचा दाखला घेऊन जा आणि मागील काळासाठी हा पर्यायी पुरावा मान्य करावा, असा लेखी अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयाला द्या. पर्यायी पुरावा ग्राह्य धरण्याची मुभा नियमांत आहे, परंतु तो अधिकाऱ्याचा निर्णय असतो, म्हणून उशीर का झाला हे अर्जात सरळ, खरे आणि थोडक्यात लिहा. मागील महिन्यांचा निर्णय काहीही लागो, यापुढचे प्रमाणपत्र एकही आठवडा न चुकवता घेत राहा. उभे राहणे कठीण जात असेल, तर सोबत पत्नीला किंवा भावाला न्या. पण तपासणी आपलीच व्हायची असल्याने जाणे आपल्यालाच भाग आहे.

साताऱ्याला जाण्याचा विचार स्वाभाविक आहे, आणि आईच्या हातचे खाऊन माणूस लवकर सावरतो हे मी जाणतो. तथापि लाभ चालू असताना उपचाराखाली राहणे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय उपचाराचे क्षेत्र न सोडणे या अटी आहेत. म्हणून आधी दवाखान्यात सांगा, परवानगी लेखी घ्या आणि मगच निघा. याच काळात वेळ जावा म्हणून नात्यातल्या कोणाच्या दुकानात गल्ल्यावर बसणे, फोनवरून एखाद्याचे काम घेणे अशा गोष्टीही करू नका. ज्या दिवशी काम केले त्या दिवसाचा लाभ जातो आणि नंतर वसुली व कारवाई अंगावर येऊ शकते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. आपला झटका घरी आला असल्याने कामावरील अपघाताचे लाभ आपल्याला लागू होणार नाहीत. तसा अपघात झाला असता, तर तात्पुरत्या अपंगत्वासाठी नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच विमाधारकाला वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. आपल्या पगारातून भविष्य निर्वाह निधी आणि त्याबरोबर निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी भरली जात असेल आणि पुढे वैद्यकीय मंडळाने आपल्याला काम करण्यास कायमचे व पूर्णतः असमर्थ ठरवले, तर १९९५ च्या योजनेत अपंगत्वाचे निवृत्तिवेतन आहे. त्यासाठी एक महिन्याची वर्गणीही पुरते, आणि तेथेही पत्नीचा पगार विचारला जात नाही. ती वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्या मनातली बोच कोणत्याही नियमाने जाणार नाही, याची मला कल्पना आहे. तरीही एवढे सांगतो, की आपली पत्नी या चार महिन्यांत जो भार पेलत आहे त्यातला एक भाग खरे तर विम्याने उचलायला हवा होता. चुकीच्या माहितीमुळे तो तिच्यावर पडला. तो उतरवण्याचे काम आपण आजपासून हाती घेऊ शकता. पत्नी म्हणून तिचे उपचारही आपल्या ईएसआयच्या कार्डावर होतात, मग तिचा पगार कितीही असो; चार महिन्यांच्या धावपळीत तिने स्वतःची तपासणी टाळली असेल, तर तीही करून घ्या.

प्रश्न : मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार आहे आणि माझ्याकडे ५५ टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे. लग्नानंतर नोकरी केली नाही. पतीला महिन्याला ६२,००० रुपये पगार आहे. संजय गांधी योजनेचे पैसे मिळवून देतो असे सांगणाऱ्या एका मध्यस्थाने, 'पती सांभाळत नाही, आम्ही वेगळे राहतो,' असे प्रतिज्ञापत्र करण्यास सांगितले आहे. करावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, करू नका. या योजनेत कुटुंबाचे उत्पन्न तहसीलदारांच्या दाखल्यावरून पाहिले जाते. सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती सैल केलेली असली, तरी आपल्या पतीचा एका महिन्याचा पगारच आपल्याला त्या मर्यादेबाहेर नेतो. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये झाल्याने असे मध्यस्थ वाढले असावेत, असे मला वाटते. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे आणि तो आपल्या सहीवर नोंदला जाईल, मध्यस्थाच्या नव्हे. शिवाय ज्या स्त्रीला पतीने खरोखर टाकले आहे, तिच्या अर्जाकडे अशा प्रकरणांमुळेच संशयाने पाहिले जाते, आणि त्याचे मला अधिक वाईट वाटते.

मात्र काही सवलती आपल्या अपंगत्वावर अवलंबून आहेत, घरच्या उत्पन्नावर नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांपैकी एक आहे आणि त्या कायद्याने धरलेली ४० टक्क्यांची पातळी आपण ओलांडलेली आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, काढले नसेल, तर आधी ते काढा. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आणि लोकलमधला दिव्यांगांचा डबा यांसाठी ते उपयोगी पडते. महापालिकांना दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो, म्हणून ठाणे महापालिकेच्या समाजविकास विभागात यंदा कोणत्या योजनांचे अर्ज सुरू आहेत आणि त्यांतील कोणत्या योजनांना उत्पन्नाची अट नाही, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा.

दिव्यांग पत्नीसाठी पतीला आयकरात वजावट मिळते असेही आपल्याला कोणी सांगेल. ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपयांची ती वजावट खरी आहे, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने आपल्या घराला तिचा उपयोग होणार नाही, तेव्हा त्यासाठी कोणाला फी देऊ नका. मध्यस्थाला आपण आधार कार्डाची प्रत किंवा सही केलेला कोरा कागद दिला असेल, तर तो याच आठवड्यात परत मागून घ्या आणि परत न मिळाल्यास तहसील कार्यालयाला तसे लेखी कळवा.